तुझ्या तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग

आई,

रोह्याजवळ वरसे गावातल्या माझ्या घरात जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी फळी ठोकून मी एक काळा डबा बसवलाय. त्याला आता दोन वर्षं होतील. येणारा-जाणारा विचारतो हे काय, आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते, कारण खरं सांगितलं की लोक कीव आल्यासारखे बघतात. तो डबा तुझ्यासाठी आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुझे दोन फोटो आहेत, एक लग्नातला आणि एक रेशनकार्डासाठी काढलेला, आणि दोन्हींत तू कॅमेऱ्यावर रागावल्यासारखी दिसतेस. तुझा आवाज कुठेही नाही. म्हणजे एका ठिकाणी होता, आणि तो मला हवा होता. मी किती हट्टी आहे हे तुला सांगायला नको, पायताण हातात घेऊन माझ्यामागे धावलेली तूच.

ज्या दिवशी तू टीव्हीवर आलीस त्या दिवसापासून सुरू करते. मी आठवीत. हमरापूरला आपल्या गणपतीच्या कारखान्यात ज्येष्ठात टीव्हीची मंडळी कॅमेरा घेऊन येऊन गेली होती. मी शाळेत होते आणि दादा मूर्ती पोचवायला पेणला गेलेला, त्यामुळे तू काय बोललीस हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. कार्यक्रम लागणार गणपतीच्या आधी, संध्याकाळी सहाला. आळीतलीच काय, पलीकडच्या आळ्यांतली टीव्हीवाली माणसंसुद्धा आपापले टीव्ही बंद करून आपल्या पडवीत येऊन बसली, तुला तुझ्याच घरी बघायला. तू मोरपंखी साडी नेसलेली. आणि बाहेर मुंबईचा टेम्पो उभा, बारा मूर्तींवर शेवटचा हात मारायचा बाकी, ड्रायव्हर घड्याळ बघतोय. मी मागे कंप्रेसरपाशी. टाकीत हवा भरायला वीस मिनिटं जातात. मी हिशेब केला, कार्यक्रम संपेपर्यंत टाकी भरून तयार असेल, स्प्रेगन उचलली की काम सुरू, आई खूश. कारखान्यातलं कुठलंही पोर असाच हिशेब करील, हात रिकामा असला तरी टाकी रिकामी ठेवायची नाही. मी बटण दाबलं. पडवीतून आवाज आला, "आली, आली," कुणीतरी टाळी वाजवली, एका बाईने तुला काहीतरी विचारल्याचा आवाज आला, आणि खांबावरचा फ्यूज उडाला. सगळ्या आळीची लाईट गेली.

बाबांनी खांबावर तार बांधेपर्यंत टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. तू आत गेलीस, साडी बदललीस, आणि कंदील घेऊन डोळ्यांच्या आखणीला बसलीस. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय बोलली होतीस तू त्यांच्यापाशी. तू मान वर न करता म्हणालीस, "मला तरी कुठं आठवतंय गो. डोळ्यांचं कायतरी बोलले." मी विश्वास ठेवला. तू खोटं बोलत नाहीस असं तेव्हा मला वाटायचं.

त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट मी कधी तुझ्यापाशी काढली नाही. नाकाला टवका गेलेली एक बिनकामाची मूर्ती मागे पडली होती. दुपारी तू जेवून पडलीस तेव्हा मी तुझा शून्य नंबरचा ब्रश घेतला आणि त्या मूर्तीचे डोळे आखले. तुझ्यासारखा श्वास धरून. आधी वरची पापणी, मग बुबुळ, मग पांढऱ्या रंगाचा तो ठिपका, ज्याने मातीला नजर येते. तू मागे कधी येऊन उभी राहिलीस मला कळलं नाही. बराच वेळ उभी असणार, कारण मी वळले तेव्हा तुझा पदर तोंडावर होता. मग तू ब्रश काढून घेतलास आणि म्हणालीस, "तुझा हात जड हाय. पुन्हा शिवू नको." त्या संध्याकाळी तोच ब्रश तू दादाच्या हातात दिलास. मी माळ्यावर जाऊन रडले. नंतर कधीच ब्रशला हात लावला नाही, दिवाळीत रांगोळीचा विषय निघाला तरी मी म्हणते, माझा हात जड आहे, दुसऱ्या कुणाला सांगा. फ्यूज उडाला त्यानंतर आठवड्याभराने तू पेणच्या बाजारातून येताना माझ्यासाठी एक टेस्टर आणलास, पिवळ्या मुठीचा. "वायरीचं तूच बघ आता," म्हणालीस. मला वाटलं, ही शिक्षा आहे. मी वायरीचं बघायला लागले, मग आयटीआय, मग धाटावच्या कंपनीत नोकरी. आज चोवीस वर्षं इन्स्ट्रुमेंटला आहे. प्रेशर किती, लेव्हल किती, हे सांगणारी यंत्रं माझ्या हाताखालून जातात आणि तिथे कुणी माझा हात जड म्हणत नाही.

आता डब्याचं. दोन वर्षांपूर्वी कँटीनमध्ये आमच्या बॉयलरवरचे एक काका म्हणाले, अहो, तुमचं हमरापूर बघितलं काल टीव्हीवर, जुना कार्यक्रम होता, एक बाई डोळे काढत होती, मोठी नथ, ठसक्यात बोलत होती. मी हातातला घास खाली ठेवला. काय बोलत होती विचारलं तर म्हणाले, आवाज बारीक होता, नातू झोपलेला. मी त्या वाहिनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, जुन्या टेपांतलं काहीबाही आम्ही मधल्या रिकाम्या वेळात लावतो, पण कधी काय लागेल ते आधी छापलेलं नसतं, मलाही सांगता येणार नाही. पुन्हा लागेल का विचारलं तर म्हणाला, लागतात बाई, एकदा निघालं की दोन-चारदा लागतं. मला तेवढं पुरलं. मी त्याच दिवशी ठरवलं की ती वाहिनी रोज सकाळी पाचपासून रात्री बारापर्यंत, एक मिनिट न सोडता रेकॉर्ड करायची, तू लागेपर्यंत.

ठरवणं सोपं होतं. आधी टीव्हीच्या साध्या सेटटॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून बघितला. पण मग घरात दुसरं काही बघता येईना, आणि तुझ्या जावयाला क्रिकेट लागतं. तीन दिवस त्यांनी सोसलं, चौथ्या दिवशी वाहिनी बदलली, आणि आमचं जे भांडण झालं ते शेजाऱ्यांना पाठ आहे. मग मी शोधत शोधत या डब्यापर्यंत आले. त्याला नेटवर्क ट्यूनर म्हणतात. तुला कळेल असं सांगते. कारखान्यात आपण कंप्रेसर कोपऱ्यात ठेवायचो आणि नळ्या लांब न्यायचो, ज्याला हवा पाहिजे त्याने आपल्या जागी तोटी उघडायची. हे तसंच. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीची वायर टीव्हीला न जाता या डब्यात येते, डबा घरातल्या इंटरनेटच्या वायरीला जोडलेला, आणि मग घरातलं कुठलंही यंत्र त्याच्याकडून पाहिजे ती वाहिनी मागून घेतं. त्याच्या पोटात चार ट्यूनर आहेत, म्हणजे एकाच वेळी चार वाहिन्या घेता येतात. एक कायमचा तुझा. बाकीच्यांवर क्रिकेट बघा नाहीतर काही बघा. कपाटात पडलेला मुलाचा जुना कॉम्प्युटर काढला, त्यात मोठी डिस्क घातली, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बसवलं. रोजचे एकोणीस तास त्यात जमा होतात. पहिल्या शिफ्टहून साडेतीनला आले की चहा घेऊन बसते आणि आदल्या दिवसाचं सगळं आठपट वेगाने पळवत बघते. शेतीचे कार्यक्रम, भजनं, जुन्या मुलाखती, सगळी माणसं घाईघाईत हात हलवताना. तू नसलीस की पुसून टाकते.

आणि काय काय झालं ते ऐक. पहिल्याच महिन्यात तीन दिवस कोरे निघाले. लाईट जाऊन आली की राउटर डब्याला नवाच नंबर द्यायचा, आणि कॉम्प्युटर आपला जुन्या नंबरावर हाका मारत बसायचा. कंपनीत मी प्रत्येक यंत्राचा नंबर कायमचा बांधून देते, नव्या पोरांना त्यावरून झापते, आणि घरी तेच विसरले. त्या तीन दिवसांत तू येऊन गेली असशील तर, या विचाराने मी दोन दिवस नीट जेवले नाही. नंबर बांधला. डबा, राउटर आणि कॉम्प्युटर तिन्ही इन्व्हर्टरवर घेतले, घरात पंखे बंद पडले तरी चालतील. मग पाऊस. गणपतीचे जुने कार्यक्रम लागणार श्रावण-भाद्रपदातच, आणि नेमका तेव्हाच रोह्याला पाऊस असा कोसळतो की छत्रीला सिग्नल पोचत नाही, चित्राचे चौकोन होतात आणि आवाज गुळण्या केल्यासारखा येतो. पहिला श्रावण असाच गेला. एकदा एक कारखाना दिसला, मातीचे ढीग, आणि पुढे सगळे चौकोनच. तू होतीस की नाही आजही माहीत नाही. दिवाळीनंतर मी दोन फुटी छत्री काढून चार फुटी बसवली. ह्यांनी शिडी धरली आणि सबंध वेळ कटकट केली, पण धरली. प्रत्येक जोडाला रबरी टेप गुंडाळला. मीटर लावून अंशाअंशाने छत्री फिरवली, सिग्नल जिथे सगळ्यात उंच चढला तिथे बोल्ट आवळला आणि वर रंगाची खूण केली. कंपनीतही मी इतकं निगुतीने काम केलेलं नाही.

दादा मला वेडी म्हणायचा. त्याचा फोन आठवड्याला येतो. कारखाना छान चालवलाय त्याने, तुला अभिमान वाटेल, लांबलांबून लोक खास त्याच्या हातचे डोळे मागतात. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगतो, आमच्या आईने माझ्या हातात ब्रश दिला, तिला कळायचं कुणाचा हात आहे ते. मी हे पन्नासदा तरी ऐकलं असेल, आणि दरवेळी मान हलवली आहे. एकदा फोनवर तो चिडून म्हणाला की लोक आईबापाचे फोटो लावतात, हार घालतात, संपवतात, तू काय त्या डब्याच्या मागं लागलीस. मी म्हटलं, तुला नको असेल तर तू ऐकू नकोस. त्याच्या मागे कंप्रेसरचा आवाज येत होता. मग म्हणाला, "नको कसं गो. तिचा आवाज मला आठवतच नाय आता. बोलायची ते आठवतं, आवाज नाय." त्यानंतर त्याने मला कधी वेडी म्हटलं नाही. फोन केला की आधी विचारायचा, लागलं का काय.

या श्रावणात, एका मंगळवारी, तू लागलीस.

सकाळी अकराचं रेकॉर्डिंग. बुधवारी मी चहा घेऊन ते आठपट वेगाने पळवत होते आणि एक हात दिसला. चेहरा नंतर आला, आधी हात. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून बाकीची बोटं मोकळी ठेवायची तुझी पद्धत, ती मी हजार हातांत ओळखीन. मागे नेऊन साध्या वेगाने लावलं. त्या मंगळवारीही बाहेर धो धो होतं, पण चित्र नखभर हललं नाही. तू सदतीस-अडतीसची असशील. माझ्याहून लहान. हे मला सुचलंच नव्हतं, की सापडशील तेव्हा तू माझ्याहून लहान असशील. आणि तुझा आवाज. माझ्या डोक्यात जो होता त्याहून बारीक आहे, आणि कॅमेऱ्यासमोर तू शाळेच्या बाईंसारखं बोलायला बघतेस, "आहे" म्हणतेस आणि लगेच विसरून "हाय" म्हणतेस. मी हसले आणि त्यातच रडू आलं. तू माती कुठून येते ते सांगितलंस, डोळे शेवटी का करायचे ते सांगितलंस. मग मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं की तुमच्यानंतर हे कोण करणार. तू ब्रश उचलून धरलास, डावा डोळा अर्धाच झालेला, आणि म्हणालीस:

"पोरगा करील. पण हात पोरीचा हाय. त्याला शिकवावं लागतं, तिला बघून येतं. माझ्याहून बरा हात हाय तिचा. पण तिला मी नाय बसवायची हितं. पाठ जाते, डोळे जातात. ती शाळा शिकंल."

एवढं बोलून तू डावा डोळा पुरा केलास.

मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मी यंत्र थांबवलं, स्वयंपाकघरात जाऊन गार झालेला चहा मोरीत ओतला आणि नवा टाकला. बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं मी माझ्या हाताकडे बघून तोंड फिरवलं, आणि तू ते सगळ्या महाराष्ट्राला सांगून बसली होतीस, फक्त मला सोडून. माझं डोकं चांगलं आहे, शाळा शिक, एवढं म्हणाली असतीस तर मी ऐकलं नसतं का. नसतं ऐकलं, हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत होतं. मी तिथेच बसले असते, मांडीवर मूर्ती घेऊन, चाळिशीत तुला सुईत दोरा ओवता येईना तसंच माझं झालं असतं. दादाची पाठ गेलीच आहे, पट्टा लावून बसतो. ते सगळं मला कळतं. तरी तू बरोबर केलंस असं मी अजून म्हणणार नाही. कंपनीची नोकरी मला आवडते, मी तिथे पाय रोवून उभी आहे, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. पण तो निर्णय माझाही होता, आणि तू तो मला न विचारता घेतलास.

दादाला फोन करून सांगितलं, सापडलं. रविवारी तो आणि वहिनी पहिल्या एसटीने पेणहून निघून वरशाला आली. शनिवारी दुपारी मी कॉम्प्युटरवर बसून तुझी तीन मिनिटं वेगळी काढली. आणि त्यातून ते उत्तर कापलं. बाईचा प्रश्नही कापला. सांधा असा बसवला की माती-रंगाच्या बोलण्यानंतर तू सरळ सणाविषयी बोलायला लागतेस. ज्या मी एक मिनिट सुटू नये म्हणून दोन वर्षं घरातली माणसं वेठीला धरली, त्याच मी बसून पंचवीस सेकंद काढून टाकले.

दादा टीव्हीसमोर खाली बसला, खुर्ची दिली तरी खालीच. तू बोलायला लागलीस आणि त्याने दोन्ही हात तोंडावर धरले. चारदा लावायला लावलं. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. पाचव्यांदा लावलं तेव्हा तो पुढे सरकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "थांब. डावा डोळा अर्धा टाकून उजव्यावर कशी गेली? आई असं कधी करायची नाय." दुसऱ्या कुणाला हे दिसलं नसतं. ह्यांना दिसलं नाही, वहिनीला नाही, आणि सांधा बसवताना मलाही नाही. आखणी करणाऱ्यालाच ते दिसणार. मी म्हटलं, पाऊस होता रे, मधे सिग्नल गेला. तो म्हणाला, व्हय, पावसाचं असतंच, आणि पुन्हा मागे टेकला. जाताना त्याने पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात घातला आणि म्हणाला, कारखान्यात लावणार, पोरांना दाखवणार, बघा म्हणावं माझ्या हातात ब्रश कुणी दिला.

मूळ रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. हे लिहिलेलं त्याच्याच शेजारी ठेवून देणार आहे, दुसरीकडे पाठवायला जागा तरी कुठे आहे. दादाला लागू नये म्हणून कापलं, असं मी त्या दिवसापासून स्वतःला सांगते आहे, आणि ते खरं आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं आहे आई, की तू माझ्याबद्दल बोललीस ते मला कुणालाच ऐकवायचं नाही. रोज शिफ्टला निघायच्या आधी मी ते एकदा लावते, आवाज बारीक करून, एकटीच ऐकते.